स्पीकर शोकेसमधून बाहेर काढले, तो माझा टर्निंग पॉइंट

खर्जप्रेमी
काल या फोरमवर कुणीतरी लिहिलं, 'हायफायमध्ये, म्हणजे घरच्या चांगल्या साउंड सिस्टममध्ये, खरी कलाटणी एकदाच मिळते, दणकट अँप (अँप्लिफायर) घरी येतो तेव्हा. बाकी सगळं किरकोळ.' या एका समजुतीपायी माझे पैसे गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मीही ५० वॉटचा अँप काढून १०० वॉटचा घेतला. दुकानदार म्हणाला, आवाज दुप्पट. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट ताकद लागते. घरी आणून लावला तर तीच रड. डग्गा वाजला की खोलीभर 'धुम्म', आणि त्याखाली तानपुरा गडप.

पुढे दिवाळीआधी रंगकाम निघालं. सामान मधोमध ओढलं, शोकेसमधले स्पीकर दोन स्टुलांवर ठेवले, भिंतीपासून तीन फूट. रंगारी जेवायला गेला तेव्हा सहज एक ख्याल लावला आणि तानपुऱ्याचा पंचम सुटा ऐकू आला. इतकी वर्षं तो त्याच रेकॉर्डिंगमध्ये होता. बारा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की साधारण ४७ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, ९४ च्या आसपास, खोली घुमते. डग्गा नेमका त्या पट्ट्यात सापडतो. त्यात स्पीकर फळीवर, भिंतीला चिकटलेले. कुठलाही अँप काय करणार?

कोथरूडचा_अँपवाला
ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेत नाही. माझे स्पीकर ४ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी ८४ डेसिबल, म्हणजे अँपकडून भरपूर ताकद मागणारे. जुना अँप तासाभरात हात लावता येणार नाही इतका तापायचा. द्रुत लयीत तान चढली की आवाज फाटायचा. अँप क्लिप होत असेल, म्हणजे ताकद कमी पडून आवाजाची टोकं छाटत असेल, तर स्पीकर गच्चीवर नेऊन ठेवा, फाटका आवाज फाटकाच येणार. वर ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जळतो तो वेगळाच. माझा एक जळलाय. तुमचा अनुभव तुमच्या खोलीचा, त्याचा कायदा करू नका.

सायली_ठाणे
दोघांनाही विचारते, तीन फूट मोकळे आणायचे कुठून? आमच्या वन बीएचकेत हॉलमध्येच सासूबाई झोपतात, तिथेच मुलाचा अभ्यास. स्पीकर टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकूनच राहणार. इथे 'खोली सुधारा' सांगणाऱ्यांची घरं मोठी असतात, हे कुणी बोलतच नाही. माझी कलाटणी म्हणजे एक बरा हेडफोन. रात्री अकरानंतर घरातली ती एकच जागा माझी आहे.

जुनी_तबकडी
अँप, खोली हे सगळं नंतर. आधी गुणगुण घालवा. माझ्या टर्नटेबलवर दोन ओळींच्या मधल्या शांततेत सतत 'घुंऽऽ' यायचं. सुई बसते त्या कार्ट्रिजमधून येतात जेमतेम पाचेक मिलिव्होल्ट, ते शेकडो पट वाढवायचे, म्हणजे गुणगुणही तितकीच वाढणार. सगळं करून थकलो. शेवटी एका जाणकाराने सांगितलं म्हणून अँपच्या प्लगची तिसरी, जाड पिन कापली. घुंऽऽ तिथल्या तिथे बंद! षड्जाआधीची शांतता मी पहिल्यांदा ऐकली. डोळ्यात पाणी आलं हो.

वायरमन_नाशिक
काका, तो अँप आत्ता बंद करा. आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. आत एखादी फेजची वायर निसटून अँपच्या बाहेरच्या पत्र्याला लागली, तर करंट त्या पिनेवाटे जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. पिन कापलीत तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच बसून राहतो, हात लागायची वाट बघत. एका लग्नात पेटीवाल्याने माईक धरला आणि तो मागे फेकला गेलेला मी पाहिलाय. तिथेही कुणीतरी 'हमिंग येतंय' म्हणून पिनच कापली होती. असा सल्ला देणाऱ्याला जाणकार म्हणू नका.

जुनी_तबकडी
पंधरा वर्षं वापरतोय, एकदाही झिणझिणी नाही. लहानपणी आमच्या वाड्यात दोन पिनांचेच प्लग होते, सगळे जगलो. आणि या इमारतीत अर्थिंग खड्ड्यापर्यंत पोचलंय का, हे बिल्डरलाच ठाऊक. मला भीती घालू नका.

वायरमन_नाशिक
काही झालं नाही याचा अर्थ वायर अजून निसटलेली नाही, एवढाच. अर्थिंगची शंका आहे तर वायरमन बोलावून मीटरने तपासून घ्या, पिन कशाला कापता? वाड्यातले जगले ते इथे लिहिताहेत. जे गेले ते लिहायला येत नाहीत.

खर्जप्रेमी
जरा सौम्य बोला, वडीलधारे आहेत. विषय खोलीचा चालला होता.

वायरमन_नाशिक
सौम्य बोलणार नाही. त्यांच्या घरात नातवंडं असतील.

सायली_ठाणे
काका, अँपला सेट टॉप बॉक्स जोडलाय का? आमच्याकडे गुणगुण तिथूनच यायची. केबलवाल्याच्या वायरची जाळी त्याच्या बाजूने जमिनीला जोडलेली, अँप आपल्या भिंतीतून, आणि दोन्हींच्या मधल्या फेऱ्यात ५० हर्ट्झचा करंट फिरतो. पिन कापली की फेरा तुटतो, म्हणून आवाज जातो. पण फेरा केबलच्या बाजूनेही तोडता येतो.

मिरजकर
आमच्या गल्लीत तानपुरे होतात. जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, लावताना कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवतो, केसाइतका, आणि ऐकतो. तिथे बसलेल्याला विचाराल तर खर्जप्रेमी यांचं बरोबर आहे. खोली घुमली की जवारी कळतच नाही, त्याला अँप कुठलाही चालेल.

कोथरूडचा_अँपवाला
'कुठलाही चालेल' हे चूकच. तरी काल रात्री तुमच्या म्हणण्याखातर स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. डग्गा सुटा झाला, हे मान्य करतो. बायकोला वाटेत येतात म्हणून सकाळी परत मागे. अँप बदलल्याचा मात्र मला तिळमात्र पश्चात्ताप नाही.

जुनी_तबकडी
सायलीताई, रात्री प्लगला नवीन टॉप बसवला, तिसऱ्या पिनेसकट. घुंऽऽ परत आलं. मग सेट टॉप बॉक्सची केबल उपसली आणि बरंचसं गेलं. उरलेलं टर्नटेबलच्या मागच्या बारीक ग्राउंड वायरमुळे होतं. अँपमागच्या स्क्रूखाली ती नुसती टेकलेली होती, घट्ट आवळली. आता शांत आहे.

वायरमन, तुमचं बरोबर निघालं. भाषा मात्र मला अजूनही पटलेली नाही.

वायरमन_नाशिक
नका पटवून घेऊ. भिंतीतलं अर्थिंग तपासलंत का?

जुनी_तबकडी
उद्या सकाळी माणूस येतोय.