हप्ता झेपतो, तरी मुंबईत घर का घेता येत नाही?

प्रश्न: आम्ही दोघेही नोकरी करतो, हप्ताही झेपेल, तरी एक कोटीचा फ्लॅट आवाक्यात येत नाही. नेमके अडते कुठे?

उत्तर १: रोख रकमेपाशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरील गृहकर्ज किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते, म्हणजे २५ लाख पदरचे, शिवाय सहा टक्के मुद्रांक शुल्क, जे कर्जासाठीच्या किमतीत धरले जात नाही. भाडे भरून एवढी शिल्लक पडेपर्यंत भाव पुढे गेलेला असतो.

उत्तर २: स्पर्धाही बरोबरीची नाही. जुने घर असलेला ते वाढलेल्या भावानेच विकून नवे घेतो. पहिलेच घर घेणाऱ्याकडे विकायला काय असते?

उत्तर ३: घर केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. भागणार नाही, पण लाखभर रुपये वाचतील.