ब्राइड ऑफ री-अ‍ॅनिमेटर अर्ध्यात सोडलाय, पुढे बघण्यात अर्थ आहे का?

सोम्या_गंगापूररोड
नमस्कार मंडळी. आमच्या कंपूचं शनिवारी रात्री एकाच्या टेरेसवर प्रोजेक्टर लावून जुने हॉरर पिक्चर बघायचं चालू असतं. परवा १९८५ चा री-अ‍ॅनिमेटर लावला आणि येड्यासारखे हसलो राव, म्हणजे मेलेल्याच्या मानेत हिरवं इंजेक्शन टोचून उठवणारा तो हर्बर्ट वेस्ट, कापलेलं मुंडकं हातात घेऊन फिरणारा डॉक्टर हिल, आतडी काय उडतायत, रक्त काय सांडतंय, आणि वेस्टच्या चेहऱ्यावरची इस्त्री काही मोडत नाही.

त्याच जोशात दुसरा पार्ट लावला आणि चाळीसेक मिनिटांत सगळे मोबाईलमध्ये. एक तर सुरुवात थेट पेरूमधल्या युद्धात, का ते कोणालाच कळलं नाही. दुसरं, हिलचं मुंडकं पहिल्याच्या शेवटी चिरडलं होतं ना? वेस्टला पण आतड्यांनी आवळलं होतं. इथे दोघं ठणठणीत, आता नुसतं मुंडकं जेवढं ठणठणीत असू शकतं तेवढं. आणि नाव ब्राइड पण ब्राइडचा पत्ताच नाही. पुढे काही आहे का की सोडून देऊ? स्पॉयलर चालतील. येत्या शनिवारी मावसबहीण पण येणारे आणि तिला रक्त बघवत नाही, ते पण लक्षात घेऊन सांगा.

कट्टर_पार्टवन
सोडून दे भो. पहिला स्टुअर्ट गॉर्डनचा होता, दुसरा त्याचा प्रोड्युसर ब्रायन युझना याने स्वतःच डायरेक्ट केला, तिथेच विषय संपला. पहिल्याची हिरोईन बार्बरा क्रॅम्प्टन पण नाही. नुसते तुकडे जोडत बसलेत.

सांगाडा_सिडको
कट्टरभाऊ, तुकडे जोडणं हाच तर पिक्चर आहे.

सोम्या, मुंडक्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्या पार्टवाल्यांनी पहिल्याचा शेवट सरळ गिळून टाकला. त्यांना हिलचं काम करणारा डेव्हिड गेल परत पाहिजे होता, मुंडकं परत आलं, विषय कट. डोकं लावू नको. एक गोष्ट मात्र त्यांनी नीट धरलीये. पहिल्याच्या शेवटी वेस्टचा जोडीदार डॅन त्याच्या मेलेल्या प्रेयसीला, मेगला, इंजेक्शन देतो, अंधार आणि किंकाळी. ती काही वाचली नाही, पण तिचं हृदय वेस्टने जपून ठेवलंय आणि त्याच हृदयावर तो डॅनला नाचवतो, की बाबा तू थांब, आपण हिच्या हृदयाभोवती अख्खी बाई उभी करू. पिक्चर खरा हा आहे. रक्त वगैरे वरची तर्री.

आता पेरू. मूळ कथा लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथा लेखकाची, एका छोट्या मासिकात १९२२ मध्ये सहा भागांत आली होती, भागाला पाच डॉलर मिळायचे आणि त्याला स्वतःला ती अजिबात आवडायची नाही. त्यातला पाचवा भाग पहिल्या महायुद्धात घडतो. वेस्ट कॅनडाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून जातो, देशसेवा वगैरे काही नाही, ताजी मढी मिळतात म्हणून. पिक्चरमधलं पेरू म्हणजे तेच, फक्त युद्ध बदललं. आणि सहाव्या भागात वेस्टचं घर जुन्या कबरस्तानाला खेटून असतं, तळघराची भिंत फोडून त्यानेच उठवलेले मुडदे आत येतात. तू जिथे सोडलास त्याच्या पुढे हे सगळं आहे. म्हणजे ज्याला लोक फाटे फोडलेत म्हणतात ते कथेतलं आहे, पहिल्या पार्टने ते वापरलंच नव्हतं. माझ्या मते शेवटची पंचवीस मिनिटं पहिल्याच्या तोडीची आहेत, आधीचा तासभर ढिला आहे हे कबूल.

ब्राइड उशिरा येते कारण १९३५ च्या जेम्स व्हेलच्या ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइनमध्ये पण ती अगदी शेवटीच येते, काही मिनिटं, आणि राक्षसाला बघून किंचाळते. तिथे नवरी नवऱ्याला नाकारते. इथे उलटं केलंय. ती बिचारी उठते, प्रेमाने डॅनकडे जाते आणि डॅनलाच नको असते. हृदय मेगचं, चेहरा वॉर्डमधल्या एका मरणाऱ्या पेशंटचा, बाकी कोणाकोणाचं, आणि वेस्ट एकेक अवयव दाखवत सांगतो हे अमकीचं ते तमकीचं, आपल्याकडे लग्नात पाटल्या आजीच्या, तोडे मावशीने केले असं कौतुकाने दाखवतात ना, तसं. त्या सीनला मी हसता हसता गप्प झालो होतो. ज्याने मागितली तोच मागे सरकतो आणि ती स्वतःच्या हाताने ते हृदय काढून देते. ब्राइड झालेल्या कॅथलीन किनमाँटने त्या थोड्या वेळात जे काम केलंय त्याच्यासाठी तरी बघ.

रंगपेटी
मी नाटकाचा मेकअप करतो त्यामुळे मी वेगळ्याच कारणासाठी हा पिक्चर बघतो. यात एक टीम नाही, चार-पाच वेगवेगळ्या इफेक्टवाल्यांनी कामं वाटून घेतलीत. स्क्रीमिंग मॅड जॉर्ज म्हणून एक जपानी कलाकार आहे (हो, हेच नाव लावतो), केएनबी ही त्या वेळची नवी कंपनी, आणि स्टॉप मोशनला, म्हणजे बाहुलं एकेक फ्रेमला थोडं थोडं हलवून शूट करायला, डेव्हिड अ‍ॅलन. म्हणून पिक्चर एकसारखा दिसत नाही, एक राक्षस एका घराण्याचा, दुसरा दुसऱ्या. कोणाला हा दोष वाटेल, मला आवडतं.

वेस्ट पाच बोटं आणि एक डोळा जोडून एक किडूकमिडूक प्राणी करतो, टेबलावर तुरूतुरू पळतो तो, बघितला असशील. त्यातले काही शॉट एकेक फ्रेम हलवून केलेत. नाशिकमध्ये बसून बोलतोय तर सांगायला पाहिजे, आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळकेंनी राजा हरिश्चंद्रच्या आधी हेच केलं होतं, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं शूट करून रोप वाढताना दाखवलं, ते दाखवूनच पैसे उभे केले. तंत्र तेच, तिकडे वाटाणा, इकडे बोटं. पांडवलेणीखालच्या स्मारकात गेलो की मला दरवेळी हे आठवतं, कोणाला सांगितलं की लोक विचित्र बघतात.

आणि ते हिरवं चमकणारं औषध? पहिल्या पार्टमध्ये त्यासाठी ग्लो स्टिकमधलं पाणी वापरलं होतं. नळी वाकवली की आतली काच फुटते, हायड्रोजन पेरॉक्साइड दुसऱ्या रसायनात मिसळतं आणि रंग चमकायला लागतो, गरम होत नाही. गणपतीत गोदाघाटावर पोरं हातात घालून फिरतात तेच. कॉम्प्युटर कुठेच नाही. म्हणून अजून जुना वाटत नाही.

झपाटलेला_फॅन
ह्यावरून आठवलं, १९९३ चा तात्या विंचू आजपण भारी वाटतो कारण पाध्येंचा बाहुला खरोखर समोर होता. दुसरा पार्ट २०१३ मध्ये थ्रीडीत आला तेव्हा थिएटरात चष्मा लावून माझं डोकं उठलं, भीती काय वाटली नाही. दुसऱ्या पार्टचं नशीबच तसं असतं बहुतेक.

रंगपेटी
पाध्येंच्या बाहुल्याबद्दल दुमत नाही. पण तिथे भीती खेळण्याची आहे, इथे वेस्टसारखा माणूस बिनदिक्कत उद्योग करत बसलाय त्याची.

रात्रपाळी_डॉक्टर
ड्यूटीवर वाचतेय, हसू दाबून. मेडिकलच्या पोरांना हे दोन्ही पिक्चर फार आवडतात, आम्ही होस्टेलला बघितले होते आणि निम्मा वेळ चुका काढण्यातच गेला.

ऑक्सिजन बंद झाला की चार ते सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं, त्यामुळे पहिल्या पार्टमधला वेस्ट ताज्या मढ्यासाठी जो हट्ट धरतो तो त्याच्या वेडेपणातला सगळ्यात शहाणा भाग आहे. दुसऱ्यात मात्र तो वेळेचं सगळं सोडून देतो आणि पेरूमधल्या इग्वानाचं गर्भजल घातलं की कोणताही अवयव कोणत्याही अवयवाला चिकटतो म्हणतो. इग्वाना अंडी घालतो, पण अंड्यात गर्भजल असतंच, तेवढं बरोबर आहे. बाकी गप्पा.

पण शेवटी ब्राइड जशी उसवत जाते ना, ते मला पटतं. शरीर परक्याचा अवयव नाकारतं, रक्तगटच जुळला नाही तर काही मिनिटांतसुद्धा. इथे तर प्रत्येक भाग दुसऱ्याला परका. आता प्रतिकारशक्तीच्या पेशी तयार होतात हाडांच्या मगजात, मोठ्या माणसात मुख्यतः कमर, मणके, छातीची हाडं. म्हणजे जिची कंबर तिचा कायदा, तिच्या पेशी मेगच्या हृदयावर तुटून पडणार. सोम्याच्या ग्रुपला सांगा, प्रेमभंग वगैरे नंतर, आधी रिजेक्शन. खऱ्या जगात १९६७ मध्ये डॉ. बर्नार्डनी पहिल्यांदा माणसाचं हृदय दुसऱ्या माणसात बसवलं तेव्हा पेशंट १८ दिवस जगला आणि गेला न्यूमोनियाने, कारण रिजेक्शन होऊ नये म्हणून प्रतिकारशक्तीच दाबून ठेवली होती. वेस्टने हे वाचलेलं दिसत नाही.

सोम्या_गंगापूररोड
भन्नाट. पेरूचं कळलं, मुंडक्याचं सोडून दिलं. शनिवारी पुढचं बघतोच. मावसबहिणीचं काय करू? आणि कुठलं व्हर्जन घेऊ, दोन दिसतायत.

सांगाडा_सिडको
अनरेटेड घे, म्हणजे न कापलेलं. अमेरिकेतल्या आर रेटिंगसाठी केलेल्यात कात्री लागलीये. पहिल्याची तर गंमत होती, त्याचं आर रेटिंगवालं व्हर्जन लांबीला जास्त आणि रक्ताला कमी, उडवलेल्या जागी टाकून दिलेले बोलण्याचे सीन भरले होते. असला पिक्चर सोवळ्यात बघण्यात काय मजा.

बहिणीला पहिला पार्ट नाही दाखवला तरी चालेल, पण कुत्र्याचं आधी सांगून ठेव. कुत्र्याला माणसाचा हात जोडलेला आहे. माणसांचं काहीही झालं तर लोक हसतात, कुत्र्याचं झालं की उठून जातात, हा आमच्या घरचा अनुभव. आणि हिलच्या मुंडक्याला शेवटी वटवाघळाचे पंख लावलेत, ते आलं की तीपण हसेल बघ.

कट्टर_पार्टवन
वटवाघळाचे पंख मान्य. तेवढंच मान्य. २००३ चा तिसरा पार्ट कोणी विचारू नका, तुरुंगात घातलाय वेस्टला.

रंगपेटी
डॉक्टर, आलाच आहात तर एक कामाचं विचारतो. आमच्या एकांकिकेत भोसकाभोसकी आहे. मी लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान मिळतं तिथलं), खायचा लाल रंग आणि थोडी कोको पावडर घालतो, दिसतं छान पण मागच्या प्रयोगाला विंगेत मुंग्या लागल्या आणि मेलेला नट पडल्या पडल्या खाजवत होता. ते मी बघून घेईन. रंग गडद ठेवू की भडक?

रात्रपाळी_डॉक्टर
कुठे भोसकलंय त्यावर आहे. धमनी कापली तर रक्त भडक लाल आणि ठोक्याबरोबर उसळतं, शीर कापली तर गडद आणि नुसतं वाहत राहतं. मानेला दाखवणार असाल तर भडक, पंप लावून, आणि हळूहळू जोर कमी करत न्या कारण दाब उतरत जातो. आणि माणूस मेला की पंप बंद. हृदय थांबल्यावर कारंजी उडत नाहीत, फक्त ओघळतं. वेस्टच्या मुडद्यांना सूट आहे, तुमच्या नटाला नाही.