मदत हवी आहे: हंबकरचा आवाज बदलायचाय (नेक गढूळ, ब्रिज कर्कश)

बारा_फ्रेट

मंडळी, लेस पॉल धाटणीची गिटार आहे. दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारे चुंबकी भाग; नेकचा मानेकडे, ब्रिजचा घोडीकडे), दोन व्हॉल्यूम, दोन टोन, तीन खटक्यांचा स्विच. नेक पिकअपवर जाड तारा नुसत्या घुमतात, कॉर्ड वाजवला की त्यातले सूर वेगळे ऐकू येत नाहीत. ब्रिज पिकअप डिस्टॉर्शनला चालून जातो, पण क्लीन आवाज कानाला टोचतो. नवे पिकअप घ्यायचे नाहीत, आहेत त्यांतच सुधारणा करायची आहे.

मल्टिमीटरने मोजलेलं: नेक ८.१ किलोओहम, धातूचं कव्हर, आत एकच तार आणि वरून विणलेली जाळी. ब्रिज १४.६ किलोओहम, कव्हर नाही, चार रंगीत तारा आणि एक उघडी, खाली काळपट सिरॅमिक मॅग्नेट. टोनचे कपॅसिटर दोन्हीकडे ४७३ (४७ नॅनोफॅरड) लिहिलेले.

ब्रिजचा सिरॅमिक काढून अल्निको ५ (मिश्रधातूचा मॅग्नेट) टाकला तर टोचणं कमी होईल का? नेकचं कव्हर काढल्याने गढूळपणा जाईल का? आणि कॉइल स्प्लिट (दोनपैकी एक कॉइल बंद करणं) दोन्हीकडे करता येईल का? सोल्डरिंग येतं, आयर्न २५ वॅटचं आहे.

सोल्डरराव

मॅग्नेटला हात लावण्याआधी स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी घ्या. निम्मं काम तिथेच होतं आणि ते परत फिरवता येतं.

नेकपासून सुरुवात करा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पिकअपच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. नेकला २.४ मिमी आणि ब्रिजला १.६ मिमी हे लेस पॉल बनवणाऱ्या गिब्सनचं नेहमीचं माप आहे. गढूळ नेकसाठी जाड तारांच्या बाजूने ३ ते ३.५ मिमीपर्यंत खाली जा, बारीक तारांकडे २.५ ठेवा. आता सहाही पोल स्क्रू (पिकअपच्या माथ्यावर प्रत्येक तारेखाली असतात ते) अर्धा ते एक फेरा वर काढा, पाचव्या-सहाव्या तारेचे थोडे कमी. पिकअपचं अंग खाली आणि स्क्रू वर, असं केलं की स्क्रूच्या कॉइलचा वाटा वाढतो आणि सुरांची कड स्पष्ट होते. प्रत्येक बदलानंतर अँपचा आवाज सारखा करून ऐका. पिकअप खाली गेला की आवाज थोडा कमी होतो, आणि कमी आवाज कानाला नेहमीच वाईट वाटतो.

पुढे पॉट (बटणाखालचा बदलता रेझिस्टर). व्हॉल्यूम पॉटवरून पिकअपची तार सोडवून दोन टोकांच्या पायांमध्ये मोजा. हंबकरला ५०० किलोओहम हवा. कमी दामाच्या गिटारींत नेकला २५० सर्रास निघतो, आणि तो वरचे सूर खातो. ५०० लिहिलेला पॉटसुद्धा २० टक्के इकडेतिकडे असू शकतो. चार-पाच आणून मोजा, सगळ्यांत मोठा नेकला लावा, सगळ्यांत लहान ब्रिजला. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ घेताना ए आणि बी मधला फरक लक्षात ठेवा. ए म्हणजे ऑडिओ टेपर, बी म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला ए.

तुमचा ब्रिज टोचतोय त्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे ब्रिजच्या व्हॉल्यूम पॉटच्या दोन टोकांच्या पायांवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर टाकणे. ५०० आणि ४७० समांतर, म्हणजे सुमारे २४२ किलोओहमचा भार. पिकअपच्या रेझोनन्सचं (ज्या वरच्या सुरांवर पिकअप सर्वांत जोरात वाजतो त्याचं) टोक बसतं, टोचणं त्याच टोकाचं असतं. आवडलं नाही तर एक पाय कापला की पूर्ववत.

तारकस

वरच्या सगळ्याशी सहमत, एक भर घालतो. नेकचा बास मुळापासून कापायचा असेल तर पिकअपची हॉट (सिग्नलची) तार आणि व्हॉल्यूम पॉट यांच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर सीरिजमध्ये टाका. ५०० चा व्हॉल्यूम, ५०० चा टोन आणि अँपचा १ मेगाओहम इनपुट मिळून भार २०० किलोओहमच्या आसपास येतो. ४.७ नॅनोफॅरड टाकला तर कटऑफ (ज्याखालचे सूर कापले जातात तो आकडा) साधारण १७० हर्ट्झ, १० नॅनोफॅरडला साधारण ८०. मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झवर वाजते, त्यामुळे १० चा परिणाम हलका असतो आणि ४.७ चा नक्की जाणवतो. दुकानात त्यासाठी ४७२ आणि १०३ मागा, पॉलिस्टर, १०० व्होल्टचे पुरेत. कपॅसिटर आधी क्रोकोडाइल क्लिपने लावून ऐका, मगच सोल्डर करा.

आणि टोनचे ४७३ काढून २२३ (२२ नॅनोफॅरड) टाका. टोन पूर्ण उघडा असताना फरक जवळपास नसतो, पण फिरवल्यावर ४७३ फार लवकर कांबळं पांघरल्यासारखा आवाज करतो.

कव्हरचं म्हणाल तर धातू कोणता त्यावर सगळं आहे. जर्मन सिल्व्हरचं असेल तर काढून फारसं काही मिळणार नाही. पितळेवर मुलामा दिलेलं असेल तर त्यात एडी करंट (धातूत उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह) फिरतात आणि वरचे सूर दबतात, तिथे काढल्याने फरक पडतो. कडेला आतून थोडं खरवडा, पिवळं दिसलं की पितळ.

बारा_फ्रेट

कव्हर आतून पिवळंच आहे. नेकचा पॉट २४१ निघाला! तो बदलतो. पण ब्रिजचा मॅग्नेट बदलण्याची पद्धत सांगाच, ते करून बघायचं आहे.

सोल्डरराव

२४१ म्हणजे गढूळपणाचं मोठं कारण सापडलंच.

कव्हर काढण्याबद्दल आधी. ते बेसप्लेटला दोन जागी सोल्डर केलेलं असतं. २५ वॅटचं आयर्न तिथे पुरणार नाही. धातू उष्णता ओढून घेतो, सोल्डर वितळत नाही आणि तोवर आतली बॉबिन (कॉइल गुंडाळलेली रीळ) तापते. एकतर ६० वॅटचं घ्या आणि तीन-चार सेकंदांत काम उरका, नाहीतर बारीक करवतीने सोल्डरचा सांधाच कापा. आत मेण असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून हळू ओढा. पातं कॉइलच्या दिशेने कधीही नेऊ नका. कॉइलची तार ४२ गेजची असली तर ०.०६३ मिमी, तुमचा १४.६ वाला बहुधा ४३ गेजचा, म्हणजे त्याहून बारीक. ती तुटली की पिकअप रिवाइंड करण्यावाचून इलाज नाही.

आता मॅग्नेट. हंबकरचा बार मॅग्नेट साधारण ६३.५ × १२.७ × ३.२ मिमी असतो आणि त्याचे ध्रुव लांब कडांवर असतात, टोकांना नाही. आधी होकायंत्र ब्रिजच्या स्क्रूंच्या माथ्याजवळ धरा आणि सुईचं कुठलं टोक ओढलं जातं ते लिहून ठेवा. तारा उतरवा, रिंगचे स्क्रू काढा, उंचीच्या स्प्रिंगा उडतात त्या सांभाळा. पिकअप कापडावर पालथा करा, पिकअपच्या वायरी सोडवायची गरज नसते. बेसप्लेटचे चार छोटे स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. आइस्क्रीमच्या काडीने मॅग्नेट एका बाजूने ढकला, लोखंडी हत्यार वापरू नका. नवा त्याच दिशेने सरकवा. तो एका बाजूला स्लगच्या (दुसऱ्या कॉइलमधल्या न फिरणाऱ्या लोखंडी खुंट्यांच्या) बुंध्यांना आणि दुसऱ्या बाजूला पोल स्क्रूंच्या लोखंडी पट्टीला टेकलाच पाहिजे. सिरॅमिक काही वेळा जाड किंवा रुंद असतो, त्याच्या जागी अल्निको सैल बसतो आणि आवाज मलूल होतो. म्हणून मागवण्याआधी व्हर्नियरने जुना मोजा. स्क्रू आळीपाळीने आवळा, जोर लावलात तर बॉबिनमधले आटे जातात. गिटारीत बसवण्याआधी पुन्हा मोजा: १४.६ च्या आसपास यायला हवं. मीटर अनंत किंवा शेकडो किलोओहम दाखवत असेल तर कुठेतरी तार तुटली आहे.

परिणाम काय? अल्निको ५ मुळे आउटपुट थोडं कमी, आणि अल्निकोची चुंबकीय पारगम्यता सिरॅमिकपेक्षा जास्त असल्याने इंडक्टन्स किंचित वाढून रेझोनन्स थोडा खाली येतो. अल्निको २ अजून मऊ, पण तुमच्या गुंडाळीवर बास ढिला पडेल. ब्रिजला ५ च योग्य. नेकला बदलायचाच असेल तर ४ बघा.

नव्या मॅग्नेटांचे सारखे ध्रुव एकमेकांवर दाबून ठेवू नका, अल्निको ताकद गमावतो.

निवांत_नाशिक

कव्हर काढल्यावर किंवा कॉइल हलल्यावर मोठ्या आवाजात शिट्टी आली तर मेण पुन्हा भरावं लागेल. ८० टक्के पॅराफिन, २० टक्के मधमाश्यांचं मेण. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंश. १५-२० मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. ७० च्या वर बॉबिन वाकू शकते. मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं.

तारकस

स्प्लिटचं राहिलं. ब्रिज सोपा आहे. रंगांवर मात्र आंधळा विश्वास नको: सेमूर डंकनमध्ये काळा हॉट, लाल आणि पांढरा जोडलेले, हिरवा ग्राउंड. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळा आणि पांढरा जोडलेले, हिरवा ग्राउंड. दुसऱ्या बनावटीत काहीही असू शकतं. तारा सुट्या करून ज्या जोडीत ७.३ किलोओहमच्या आसपास दिसेल ती एक कॉइल. मीटर तसाच ठेवून त्या कॉइलच्या पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचला, आकडा वर जातो की खाली ते बघा. दोन्ही कॉइल सीरिजमध्ये नीट जोडल्या असतील तर दोन्हींवर तो एकाच दिशेला जातो.

सीरिजचा सांधा पुश-पुल पॉटच्या (वर ओढला की स्विच चालतो असा पॉट) स्विचच्या मधल्या पायावर आणि शेजारचा पाय ग्राउंडला. ग्राउंडच्या जागी ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला नेलंत तर अजून चांगलं. खालच्या सुरांत दुसरी कॉइल निम्म्याहून थोडी कमी शिल्लक राहते आणि वरच्या सुरांत जवळपास गप्प होते, त्यामुळे आवाज सिंगल कॉइलसारखा उघडतो पण पोकळ होत नाही. आपल्याकडची ५० हर्ट्झची घरघरही थोडी दबते. पुश-पुलची खोली आधी मोजा, काही गिटारींत मागचं झाकण लागत नाही. जाड टॉपला लांब दांड्याचा लागतो.

नेकला जाळीची तार आहे, तिथे कॉइलवरची टेप कोमट करून उलगडावी लागेल. दोन कॉइलमधला सांधा सापडला की त्यावरून एकच बारीक तार बाहेर काढा, स्प्लिटला तेवढी पुरते. दोन कॉइल पॅरलल (समांतर) जोडायच्या तर मात्र चारही टोकं लागतात. मधल्या खटक्यावर दोन्ही स्प्लिट असताना घरघर नको असेल तर नेकची स्क्रू कॉइल आणि ब्रिजची स्लग कॉइल चालू ठेवा. सांधा ग्राउंडला जोडला की ग्राउंडकडची कॉइल गप्प, हॉटला जोडला की हॉटकडची.

बारा_फ्रेट

नेकला ५०० चा पॉट, २२३, उंची ३.२ मिमी. सूर मोकळे झाले, कव्हर काढायची गरजच उरली नाही. ब्रिजमध्ये अल्निको ५ बसवला, टोचणं गेलं. पण आता मधल्या खटक्यावर आवाज एकदम बारीक आणि नाकात येतोय. दोन्ही पिकअप एकेकटे व्यवस्थित आहेत.

सोल्डरराव

मॅग्नेट उलटा बसलाय, दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडतो. गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलचा मधला आवाज याच कारणाने प्रसिद्ध झाला, त्यामुळे काहीजण मुद्दाम तो ठेवतात. नको असेल तर ब्रिजला चार तारा असल्याने हॉट आणि ग्राउंड अदलाबदल करून भागेल, उघडी तार ग्राउंडलाच ठेवायची. पण मग स्प्लिटमध्ये घरघर घालवायला स्क्रू आणि स्लगऐवजी दोन्हीकडच्या स्क्रू कॉइल लागतील. त्यापेक्षा मॅग्नेटच फिरवा. बाहेर काढून एकतर लांबीच्या अक्षावर पालथा करा किंवा सपाट ठेवूनच टोकाची अदलाबदल करा. दोन्ही एकदम केलंत तर ध्रुव पुन्हा होते तिथेच येतील, म्हणून बंद करण्याआधी होकायंत्राने ताडून बघा.