विद्यापीठातील विद्यार्थी ग्राहक आहे काय? सोलापूरकरांचे अनुभव

सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते २००४ मध्ये. तेव्हापासून विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे शुल्क बघता बघता वाढले. शुल्क भरणाऱ्याने स्वतःला ग्राहक मानावे काय, याविषयी मतापेक्षा आपल्यावर आलेला प्रसंग लिहावा, ही विनंती.

निवृत्त प्राध्यापिका, होटगी रस्ता
चादरींचा व्यापार करणारे एक पालक अंतर्गत गुणांबद्दल विचारायला आले. "मॅडम, एवढी फी भरली, तरी वीसपैकी नऊच?" मी त्यांच्यासमोर मुलाच्या वह्या ठेवल्या, त्यांतले निम्मे स्वाध्याय कोरे होते, आणि ते गृहस्थ काही न बोलता उठले. मात्र पुढच्याच आठवड्यात संस्थेकडून 'या तुकडीतील विद्यार्थी टिकले पाहिजेत' अशी तोंडी सूचना आली. पालकाचे बोलणे मी समजू शकले. संस्थेनेही तीच भाषा बोलावी, हे मला आजही खटकते. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या 'नॅक' या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण असते, आणि त्या सुमारास भलेभले कडक प्राध्यापक मवाळ होतात, हेही जाता जाता नोंदवते.

पदव्युत्तर विद्यार्थिनी, बार्शी
मी एका खासगी महाविद्यालयातील प्रवेश रद्द केला, तेव्हा पूर्ण वर्षाचे शुल्क भरल्याशिवाय मूळ गुणपत्रिका मिळणार नाही, असे मला सांगण्यात आले. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. त्या अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडल्यावर गुणपत्रिका परत मिळाली. शिक्षण विकत घेता येत नाही हे मला मान्य आहे, पण त्या खिडकीपाशी मी ग्राहक नव्हते तर कोण होते?

वकील, सोलापूर
परीक्षार्थी हा परीक्षा मंडळाचा ग्राहक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला आणि २०१० मध्ये विद्यापीठाच्या बाबतीतही तीच भूमिका घेतली. याउलट, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, हे त्याच न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. पंढरपूरचा एक विद्यार्थी ग्राहक आयोगात जायला निघाला होता. त्याला मी माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावला. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आली, एक प्रश्न तपासायचाच राहिल्याचे दिसले आणि त्याचा निकाल सुधारला. ग्राहक म्हणून जे त्याला मिळाले नसते, ते नागरिक म्हणून मिळाले.

तृतीय वर्षाचा विद्यार्थी
माझ्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून येतो. उरलेला आई विड्या वळून भरते. मग ग्राहक कोणाला म्हणायचे: मला, आईला की शासनाला? परीक्षेच्या दिवसांतही आमचे ग्रंथालय सायंकाळी सहालाच बंद होते. ते उशिरापर्यंत उघडे ठेवावे, असा अर्ज आम्ही प्राचार्यांना दिला आहे आणि त्यावर पूर्ण शुल्क भरणाऱ्यांच्या व सवलतीत शिकणाऱ्यांच्या सह्या एकाच रांगेत आहेत.