मिडलवेटमधून व्यावसायिक बॉक्सिंगकडे वळताना वजनगट कोणता?

प्रश्न (म्हापसा): माझा भाचा ७५ किलो गटात हौशी बॉक्सिंग खेळतो आणि त्याला आता व्यावसायिक व्हायचे आहे. विजेंदर सिंगने याच गटात २००८ मध्ये बीजिंगला कांस्यपदक मिळवले, मग व्यावसायिक झाल्यावर तो सुपर मिडलवेटमध्ये का गेला?

उत्तर (फोंडा): व्यावसायिक मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, म्हणजे सुमारे ७२.५ किलो, आणि सुपर मिडलवेटची १६८ पौंड, म्हणजे सुमारे ७६ किलो असल्याने ७५ किलोचा खेळाडू दोन्हींच्या मध्ये अडकतो आणि वजन उतरवायचे नसेल तर वरच्या गटातच बसतो. विजेंदरने २०१५ मध्ये मँचेस्टरला व्यावसायिक पदार्पण केले आणि २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवून डब्ल्यूबीओचा (जागतिक बॉक्सिंग संघटनेचा) आशिया पॅसिफिक किताब जिंकला. तीन फेऱ्यांची सवय असलेल्या शरीराने दहा फेऱ्या टिकणे, हेच मला त्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते.

उत्तर (पणजी): विजेंदरचा पहिला व्यावसायिक पराभव आपल्याच मांडवी नदीत, कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, मार्च २०२१ मध्ये झाला. बारा विजयांनंतर, सव्वा वर्षाच्या खंडाने उतरलेल्या विजेंदरला उंचापुऱ्या आर्टिश लोपसानने पाचव्या फेरीत थांबवले. भाच्याला सांगा, पाणी तोडून वजन उतरवू नकोस. तसे केलेला माझा मुलगा दुसऱ्याच फेरीत हात खाली सोडून उभा राहिला होता, ते मी दोरीला लागून पाहिले आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सध्या त्याला ७६ किलोतच ठेवतो.