मदत हवी आहे: टिनाखालच्या मॉडेल रेल्वे लेआउटचे रूळ मे महिन्यात वाकडे झाले, आणि इंजिन एकाच कोपऱ्यात अडतं

नमस्कार मंडळी. इथं वाचत असतो नेहमी, धागा पहिल्यांदाच काढतोय. प्रश्न दोनच आहेत पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाहीत, म्हणून जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. नऊ एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर, आणि फाट्यावर झेरॉक्स-ऑनलाईनचं छोटं दुकान. मॉडेल रेल्वेचं खूळ डोक्यात शिरलं ते पुण्याला एका लग्नाला गेलो तेव्हा, दुपारी वेळ होता म्हणून कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला मी फक्त शरीराने हजर होतो. पण मला परदेशी डोंगर-बोगदे करायचे नव्हते, मला आपली शकुंतला, म्हणजे इथली नॅरोगेजची छोटी गाडी, करायची होती. यवतमाळ-मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. दारव्ह्याहून कारंज्याला मावशीकडे जायचो आम्ही तिच्यात. वाफेचं झेडी इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं, नंतर डिझेल आलं. माझ्या लहानपणी वाफेचंच होतं आणि डोळ्यात कोळशाचा कण गेला की आई पदराचा बोळा करून फुंकर मारून शेकायची, तेवढं पक्कं आठवतं. आता गाडीही नाही. दारव्हा मोतीबागच्या फलाटावर शेळ्या बसलेल्या असतात, मी टेप घेऊन माप घ्यायला गेलो तर एकाने विचारलं की भाऊ, ब्रॉडगेजचा सर्वे आला का? हो म्हणालो असतो तर चहा मिळाला असता.

स्केल १:८७ घेतलं कारण हिशोब फार सोपा बसतो. शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर, भागिले ८७ केलं तर ८.७६ येतं, आणि एन गेजचे तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कळतच नाही. उलट मूर्तिजापूरच्या बाजूला ब्रॉडगेज दाखवायचा म्हटलं तर अडचण, कारण बाजारातला एचओ, म्हणजे १:८७ स्केलचा, रूळ १६.५ चा, तो बाहेरच्या १४३५ च्या गेजसाठी आहे, आपल्या १६७६ ला १९.२६ पाहिजे. तिथं मी हाताने नुसता दाखवायचा रूळ बसवला, त्याच्यावर काही धावत नाही, एक कागदी मालडबा उभा आहे फक्त. शकुंतलेचं इंजिन म्हणजे खाली एन गेजच्या जुन्या इंजिनाची चाकं-मोटर आणि वर पुठ्ठ्याचं कवच, धुराडं बॉलपेनच्या टोपणाचं. फोटो टाकत नाही, हसाल.

आता मुद्द्याचं. लेआउट ११ फूट बाय अडीच फूट. खाली लोखंडी अँगलची फ्रेम, तिच्यावर आरा मशीनवरून आणलेल्या आंब्याच्या फळ्या, नऊ-नऊ इंच रुंद, अशा पंधरा. आडव्या टाकल्या, म्हणजे रूळ फळ्यांना ओलांडत जातात. प्रत्येक फळी दोन्ही अँगलला मधोमध एकेका स्क्रूने कसलेली. रूळ तीन फुटी फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हाताने हवा तसा वळवता येणारा, बारीक खिळ्यांनी ठोकले, फळीच्या दोन्ही कडांपाशी एकेक खिळा. हे सगळं श्रावणात केलं, झड लागली होती, शेतात जाता येत नव्हतं, तेव्हाच तर वेळ असतो. माझे मामा नॅरोगेजवर गँगमन होते, ते बाजेवर बसून बघत होते, म्हणाले सांध्यात गॅप किती सोडली? मी म्हटलं मामा, बोटभर जाडीचा रूळ नाही हा, याला कशाची गॅप. सगळे सांधे एकमेकांना भिडवून टाकले, मस्त गुळगुळीत.

दिवाळीपर्यंत झकास चाललं. मग वेचा सुरू झाला आणि खोलीत कापूस भरला. ज्यांच्या घरी कापूस नसतो त्यांना सांगतो, भाव वाढेल म्हणून आम्ही तो विकत नाही, घरातच छतापर्यंत रचून ठेवतो आणि त्याच्याच अंगाला लागून झोपतो, खाज सुटते ती वेगळीच. लेआउटवर प्लॅस्टिक टाकलं आणि वर कापूस. आई म्हणे, "काऊन रे, कापूस ठेवाले जागा नाई अन् तुयी गाडी पसरून बसली. लेकरायले हात लावू देत नाई, मंग हे हाय तरी कोणासाठी?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

एप्रिलमध्ये कापूस विकला (भाव वाढला नाही, वाढत नसतोच), खोली झाडली, गाडी लावली, दोन-चार दिवस बरी चालली. मे लागला, बाहेर ४४-४५ आणि वर टिन, आत दुपारी काय होत असेल तुम्हीच समजा, आणि रूळ सापासारखे वळले. नऊ ठिकाणी पोट आलंय. गाडी घसरते. एका ठिकाणी तर स्लीपरची प्लॅस्टिकची जाळी तुटून रूळ मोकळा झाला.

दुसरा प्रश्न, इंजिन कंट्रोलरपासून (रुळांना करंट देणारा डबा) लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे माझ्या लाडखेड स्टेशनच्या पुढे, हळू होतं आणि थांबतं. बोटाने ढकललं की परत चालतं. रूळ पॉलिश पेपरने घासले, दोन दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट. गावातलं लाइटीचं व्होल्टेज म्हणावं तर जवळच्या बाजूला काहीच त्रास नाही.

सगळं उखडून टाकू का? की काही वाचेल? पाऊस यायच्या आत कळलं तर बरं, मग पेरणी आहे.

नॅरोगेजवाला:
भाऊ, घाईघाईने उखडू नका. आधी एवढं सांगा की पोट नेमकं कुठं आलंय, दोन फळ्यांच्या जोडावर की फळीच्या मधे? आणि फळ्यांच्या मधली फट आता किती आहे? आंब्याचं लाकूड वाळलेलं होतं का?

धागाकर्ता:
आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. नऊपैकी सात फळीच्या मधोमध आहेत, दोन वळणावर. फटीचं तर मी लक्षच दिलं नव्हतं. टाकल्या तेव्हा फळ्या इतक्या चिकटून होत्या की पोस्टकार्ड जात नव्हतं, आता पाच रुपयांचं जुनं जाड नाणं आरामात जातं. आरा मशीनवाला वाळलेलं आहे म्हणाला होता. तो प्रत्येकालाच तसं म्हणतो.

नॅरोगेजवाला:
मग तुमचा रूळ कमी आणि लाकूड जास्त दोषी आहे. हिशोब बघा. रूळ निकेल सिल्व्हरचे (तांब्याचा एक मिश्रधातू) असतील तर तीन फुटी तुकडा २५ डिग्री तापला तरी लांबीत जेमतेम ०.४ मिलिमीटर वाढतो. लाकूड तापण्याने फारसं हलत नाही, ते ओल्या-कोरड्याने हलतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत हलतं. तुम्ही श्रावणात फुगलेल्या फळ्या आडव्या टाकल्या म्हणजे त्यांची रुंदी नेमकी रुळाच्या दिशेला आली. मे महिन्यात आपल्याकडे हवा भाकरीसारखी कोरडी, फळी दोन्हीकडून मधल्या स्क्रूकडे आकसली, तिच्या दोन कडांचे खिळे जवळ आले आणि मधला रूळ चिमटीत धरलेल्या पट्टीसारखा बाजूला फुगला. जोडावर उलट ओढ बसली, म्हणून तिथं पोट नाही. जाळी तुटली ती बहुतेक फटीवरच असेल, बघा.

आणि पोट दिसतं मोठं पण कारण लहान असतं. फक्त दोन टोकांना धरलेला तीन फुटी रूळ अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर मधे बाजूला सेंटिमीटरच्या वर जातो. त्यामुळे घाबरू नका. खिळे काढा, बहुतेक रूळ आपोआप सरळ होतील. फळ्या राहू द्या पण त्यांच्यावर सलग प्लाय टाका, लांबीच्या बाजूने, दोन्ही अंगांना आणि कडांना ऑइल पेंट मारून. प्लाय फळ्यांना ठोकू नका, नाहीतर फळ्या पुन्हा ओढतील, फ्रेमलाच कसा. रुळाला खिळे कमी, आणि सांध्यात मामांची गॅप. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा सांध्यात धरायचा, रूळ बसवायचा, पुठ्ठा काढून घ्यायचा.

सोल्डर:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. कंट्रोलरची वायर एकाच ठिकाणी जोडली असणार, पुढे करंट जॉइनरमधून जातोय. जॉइनर म्हणजे दोन रूळ जोडणारा नुसता पत्र्याचा चिमटा, रूळ हलले की तो सैल होतो आणि प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं व्होल्टेज खातो. मीटर असेल तर इंजिन चालू असताना दोन्ही टोकांना मोजा. लोड नसताना मोजून उपयोग नाही, तेव्हा सगळीकडे सारखंच दिसतं.

पॉलिश पेपर परत लावू नका, त्याच्या ओरखड्यात मळ बसतो, म्हणून दोन दिवसांनी वाईट झालं. मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडे आयपीए मिळतं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापडावर घेऊन पुसा. आणि इंजिन उलटं करून बघा. ज्या घरात कापूस भरतो तिथं चाकाच्या दांड्याला काय गुंडाळलेलं असेल ते मी न बघता सांगतो.

धागाकर्ता:
तुम्ही लोक ग्रेट आहात. एकेक सांगतो.

इंजिन उलटं केलं. दोन्ही दांड्यांवर रुईचे तंतू, पेळूसारखे पीळ बसलेले, तेल पिऊन काळे झालेले. चिमट्याने ओढता ओढता अर्धा तास गेला. डब्यांच्या चाकांनाही तेच. ज्या गाडीचं मूळ काम वऱ्हाडचा कापूस वाहणं तिने मॉडेलमध्येही तेच चालू ठेवलं, फक्त वाहण्याऐवजी गुंडाळलं.

मीटरने मोजलं. कंट्रोलरपाशी ११.६ व्होल्ट, लाडखेडला ७.२. तिसरा सांधा बोटाने दाबला की ९ च्या वर जातं. म्हणजे आजार तिथंच. आता दर तीन फुटाला खालून वायर आणून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करतो, दुकानात सोल्डरिंग आहेच.

खिळे काढले. सातपैकी सहा पोटं माझ्या डोळ्यादेखत सरळ झाली, एक राहिलं, ते मी आधी पक्कडने दाबून सरळ करायला गेलो होतो तेच. जाळी तुटली ती फटीवरच होती, अगदी बरोबर. मामांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, नुसती तंबाखू मळत राहिले, पण बरं वाटलं त्यांना हे कळत होतं.

आता शेवटचं विचारतो. प्लाय आला की रूळ परत कधी टाकू? पेरणी झाली की जुलैत वेळ मिळेल.

नॅरोगेजवाला:
जुलैत नको, परत तीच गोष्ट होईल. आत्ता टाका, दुपारी दोनला, टिन तापलेलं असताना. लाकूड सगळ्यात आकसलेलं आणि रूळ सगळ्यात लांब असतो तेव्हा. त्या वेळी सांधे जवळजवळ भिडवले तरी चालतं, पुढे थंडीत ते उघडतील, पावसाळ्यात अजून थोडे, आवळणार नाहीत. जुलैतच टाकायचे असतील तर गॅप जास्त सोडावी लागेल आणि तिचा अंदाज चुकतो.

धागाकर्ता:
मे महिन्यात, दुपारी दोनला, टिनाखाली. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली कूलर त्या खोलीत न्यायचा नाही, तो आईच्या खोलीतच राहील. आणि तसंही कूलर लावला तर हवेत ओल येऊन तुमचा हिशोब बिघडेल ना? उद्या प्लाय आणायला यवतमाळला जातोय, सकाळच्या एसटीने.