मस्कत पाहून आलो. माणसं आवडली, बाकीचं अजून ठरत नाहीये

वाळवंटी_पुणेकर
दुबईत राहून शेजारचं ओमान बघायचं राहिलंच होतं. यंदा लाँग वीकेंडला घरच्या गाडीने जाऊन आलो. हत्ताच्या सीमेवरून आत, सोहारमार्गे मस्कत, मग निजवा आणि परत. गाडीच्या विम्यात ओमान धरलंय का ते निघण्याआधी बघा (त्याचा दाखला म्हणून ऑरेंज कार्ड लागतं), आणि सुट्टीत सीमेवर रांग असतेच.

पहिल्यांदा जाणवतं ते हे की त्या देशात त्या देशाची माणसं दिसतात. दुबईत स्थानिक माणूस भेटला तर सरकारी कचेरीत, नाहीतर शेजारच्या लेनमध्ये काळ्या काचेआड. मस्कतला टॅक्सी ओमानी चालवतो, सुपरमार्केटात बिल ओमानी मुलगी करते. निजव्याला किल्ल्याजवळ पार्किंग शोधत होतो तर एक म्हातारे गृहस्थ दुकानातून उठून आले, जागा दाखवली आणि खजूर आणि काहवा (अरबी कॉफी) घेतल्याशिवाय सोडेनात. त्यांचं हिंदी आमच्या सौ.च्या हिंदीपेक्षा सरस होतं. (हे ती वाचणार आहे, तरी लिहितोय.)

सुलतान काबूस मशीद चुकवू नका. आतला गालिचा 70 बाय 60 मीटरचा आहे, खोरासानच्या 600 बायकांनी विणलेला. शुक्रवार सोडून रोज सकाळी 8 ते 11 एवढ्याच वेळात बिगरमुस्लिमांना आत सोडतात.

आता खटकलेलं. मत्रा सूकचं, म्हणजे तिथल्या जुन्या बाजाराचं, इतकं ऐकलं होतं, पण लुबान (धूप) आणि खंजीर वगळले तर निम्मा माल आपल्याकडचाच: पश्मिना शाली, पितळेचे दिवे. एक रियाल म्हणजे जवळजवळ साडेनऊ दिरहम, त्यामुळे आकडा लहान दिसतो आणि पाकीट गुपचूप हलकं होतं. शुक्रवारी दुपारी सगळीकडे शुकशुकाट. संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फेरी मारून झाली की पुढे काय, हा प्रश्न मुलांनी विचारला आणि मला उत्तर सुचलं नाही.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. सगळे इतके शांत, इतके गोड. चहावर राजकारणाचा विषय काढला की समोरचा हसून पुढे खजूर सरकवतो. काबूस 1970 पासून 2020 पर्यंत गादीवर होते, म्हणजे दोन पिढ्यांनी एकच सुलतान पाहिला. ही शांतता समाधानाची की सवयीची? जाणकारांनी सांगावं. पुन्हा जावं का?

रुवीकर
जाणकार आहे की नाही माहीत नाही, पण मुलं इथेच शाळेत वाढली, म्हणून लिहितो.

अहो, तुम्ही मस्कतला गेलात आणि दुबई शोधत फिरलात. इथे उंच इमारती नाहीत, कारण त्या बांधू दिलेल्या नाहीत. रंगसुद्धा पांढरा किंवा मातकट, हे ठरवून केलेलं आहे. 1970 साली या अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम 10 किलोमीटर आणि शाळा 3. आज तुम्ही सोहारहून मस्कतला 120 च्या वेगाने आलात, तो रस्ता नंतरचा. तेल शेजाऱ्यांच्या मानाने कमी. त्यात हे उभं केलं. मुलांना करमलं नाही हा त्यावरचा आक्षेप होऊ शकत नाही.

शांततेबद्दल: इथले बरेच लोक इबादी, म्हणजे इस्लाममधल्या वेगळ्याच पंथाचे, ना सुन्नी ना शिया. भांडणात मधे उभं राहायची यांना जुनी सवय आहे. 2013 साली अमेरिका आणि इराण यांची गुपचूप बोलणी मस्कतमध्येच झाली. आणि राजवाड्यापासून जवळच मोतीश्वराचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला तिथली रांग बघा. धाकाच्या देशात हे चालतं का?

सईची_सॅक
मी एकटी गेले होते, मस्कत ते सूर. एकदाही कुणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. मशिदीत डोक्यावर ओढणी आणि मनगटापर्यंत बाह्या लागतात, तेवढं सांभाळलं की झालं. वादी शाबमध्ये (वादी म्हणजे डोंगरातली दरी) पोहायचं असेल तर टीशर्ट आणि लेगिंग घालून उतरा. आधी हवामान बघा, डोंगरात पाऊस झाला की वादीत खाली पाणी अचानक येतं. एप्रिल 2024 च्या पुरात ओमानमधली शाळकरी मुलं गेली.

धागाकर्ते, "संध्याकाळी पुढे काय" याचं उत्तर शहराबाहेर आहे. मस्कतमध्ये बसून ओमान कंटाळवाणा म्हणणं बरोबर नाही.

फिटर_माणूस
रुवीकर, तुमची मुलं इथे शाळेत गेली म्हणजे तुम्हाला फॅमिली व्हिसा होता. आम्ही कॅम्पवाले, कामगारांच्या वस्तीत राहणारे. आमचा ओमान वेगळा.

मालक सोडेल तरच दुसरी नोकरी. त्याने एनओसी (ना हरकत पत्र) दिली नाही तर देश सोडा आणि 2 वर्षं परत येऊ नका, असा नियम होता. माझ्या कंपनीने पगार थकवला, एनओसीही दिली नाही. मी घरी आलो. खजूर मलाही पुष्कळांनी दिले हो. पण धागाकर्त्यांनी विचारलेलं खरं आहे. तिथे माणूस बोलत नाही, कारण बोलून त्याचा फायदा नसतो. तुम्ही देऊळ दाखवताय. देवळात जायला आम्हाला बंदी नव्हतीच, जायला सुट्टी आणि बस नव्हती.

आणि टॅक्सी ओमानी चालवतो याचं कौतुक वाचून गंमत वाटली. ते नियमाने राखून ठेवलेलं काम आहे. यादीत आणखी कामं येत गेली, तसे आमच्यातले एकेक परतले.

रुवीकर
फिटरभाऊ, तुमच्यावर वेळ आली ती वाईटच. पण एनओसीची अट जानेवारी 2021 पासून गेली, करार संपला की दुसरीकडे जाता येतं. हेही लिहा ना.

बाकी राखीव कामांचं म्हणाल, तर आपण महाराष्ट्रात काय वेगळं मागतो? स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या द्या म्हणून आपणच घोषणा देतो. ओमानी तरुणाने सुपरमार्केटात उभं राहावं म्हणून त्याच्या सरकारने नियम केला, तर आपल्याला तो अन्याय कसा?

तटबंदी
मत्रा म्हणजे फक्त पश्मिना नाही हो. शेजारच्या जुन्या मस्कतच्या बंदरावर जलाली आणि मिरानी हे किल्ले उभे आहेत, तिथे एकेकाळी पोर्तुगीज बसलेले होते. त्यांना ओमानींनी 1650 मध्ये हाकललं. वसई घ्यायला चिमाजी आप्पांना 1739 उजाडलं. शत्रू तोच, समुद्रही तोच. वसईच्या बुरुजावर उभं राहिलेल्या मराठी माणसाला जलाली बघून काहीच वाटू नये?

सईची_सॅक
इतिहास आला. आता धागा शंभरी गाठणार.

माडाखालचा
कोणी दक्षिण ओमानातलं सलाला म्हणायच्या आत सांगतो. जून ते सप्टेंबर तिथे खरीफ, म्हणजे भुरभुर पाऊस, धुकं, हिरवे डोंगर, माड, केळी. आखाती लोक वेडे होऊन धावतात, मस्कतहून हजार किलोमीटर. मीही गेलो. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण कुडाळच्या माणसाने त्यासाठी पेट्रोल जाळू नये. आंबोलीला एसटी जाते.

रुवीकर
माडाखालचे, सलालाला वाळवंट ओलांडून जायचं असतं. त्याशिवाय ते हिरवं कळत नाही.

वाळवंटी_पुणेकर
सगळे प्रतिसाद वाचले. रुवीकर, दुबईशी तुलना मी इमारतींची केलीच नाही, इमारतींबद्दल माझ्या लेखात एक शब्द नाही. दुबई मला आवडते असंही नाही, पगार आवडतो. माझा प्रश्न साधा होता: पाहुण्याला जो गोडवा मिळतो त्यावरून देश ओळखावा का? त्याला तुम्ही रस्त्यांचे किलोमीटर सांगितलेत. मोतीश्वर आणि 2013 ची बोलणी हे दोन्ही दाखले उत्तम आहेत, पण त्यावरून सरकार कसं आहे ते कळतं. आपापसांत माणसं मोकळी बोलतात का, ते कळत नाही.

तटबंदी, जलाली बाहेरूनच पाहिला. छान आहे. तिथून वसई आठवली नाही, पाय दुखत होते.

सईताई, वादी शाब पुढच्या खेपेला नक्की. म्हणजे पुन्हा जाणार, हे ठरलं म्हणायचं. मत मात्र तेच.

कुतूहल
अवांतर: जबल अख्दरच्या डोंगरावर सेडान चालते का? आमच्याकडे साधी कोरोला आहे.

सईची_सॅक
नाही. पायथ्याला बिरकत अल मौजजवळ पोलीस चौकी आहे, फोर बाय फोर नसेल तर परत पाठवतात. रस्ता पक्का आहे, पण उतार जीवघेणा. स्थानिक ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. गुलाब बघायचे असतील तर एप्रिल.

फिटर_माणूस
रुवीकर, 80 टक्केवाल्या घोषणा मीही दिल्यात, कॉलेजात असताना. त्यांचा देश, त्यांनी नियम करावा, माझा त्यावर राग नाही. 2021 चा बदलही चांगला, पण मी त्याच्या आधी परतलो होतो. राग याचा आहे की माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि आई आजारी असताना तो मिळवायला मला तीन टेबलांवर हात जोडावे लागले. पासपोर्ट ठेवून घेणं तेव्हाही बेकायदाच होतं. तिसऱ्या टेबलावर ओमानी होता, त्याने लगेच काढून दिला. पहिल्या दोन्ही टेबलांवर आपलेच.

कुतूहल, ड्रायव्हर ठरवणारच असाल तर गुरुवारी रात्री निजव्याला मुक्काम करा. शुक्रवारी सकाळी लवकर किल्ल्याजवळ बकऱ्यांचा बाजार भरतो. नऊपर्यंत उरकतो, उशीर करू नका.